वाईट कायदा हाही कायदाच का?

१९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यातल्या कित्येक गावांत एकाच तंट्याला दोन कोर्टं होती. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे आज सांगलीत असलेले तालुके तेव्हा साताऱ्यातच मोडत. शेजाऱ्याने बांध कोरला, सावकाराने गहाण जमीन घशात घातली, की एक वाट तालुक्याच्या कोर्टाकडे जायची. तिथे इंग्रज सरकारचा शिक्का होता. दुसरी वाट प्रतिसरकारच्या, म्हणजे स्वातंत्र्यसैनिकांनी चालवलेल्या समांतर सरकारच्या, न्यायदान मंडळाकडे जायची. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांचं हे सरकार निकाल द्यायचं, दंड करायचं, दारूबंदी राबवायचं, कमी खर्चाचे गांधी विवाह लावायचं. इंग्रज सरकारच्या लेखी हे सगळे फरारी गुन्हेगार होते.

मग या गावांत कायदा कुठला होता?

आपल्याकडे कुणालाही विचारा, उत्तर छातीठोक येतं: इंग्रजांचं राज्यच अन्यायाचं, त्यांचा कसला आलाय कायदा! हे उत्तर मनाला पटतं आणि त्यामागे फार जुनी परंपराही आहे. रोमचा सिसेरो, नंतर सेंट ऑगस्टीन, तेराव्या शतकातले थॉमस अ‍ॅक्वायनस, या सगळ्यांच्या विचाराचा गाभा असा की माणसांनी केलेल्या कायद्याच्या वर एक नैसर्गिक कायदा आहे. माणसाला बुद्धी आहे म्हणून तो कळतो. त्याच्या विरोधात जाणारा राजाचा हुकूम अंगावर शिपाई घालून पाळायला लावता येईल, पण त्याला खऱ्या अर्थाने कायदा म्हणता येणार नाही.

लीगल पॉझिटिव्हिझम ही विचारसरणी नेमकं हेच नाकारते. मराठी पुस्तकांत तिला प्रत्यक्षार्थवाद म्हणतात. इथे मी पॉझिटिव्हिझमच म्हणेन, लॉ कॉलेजात तोच शब्द चालतो. तिचं म्हणणं थोडक्यात असं: एखादा नियम कायदा आहे की नाही, हे तो चांगला आहे का यावरून ठरत नाही, तो आला कुठून यावरून ठरतं. कुणी केला, कोणत्या अधिकाराने, कोणत्या रीतीने, आणि तो अधिकार त्या समाजात खरोखर चालतो का, एवढंच पाहायचं. तो न्याय्य आहे का हा प्रश्न मोठाच आहे, पण तो वेगळा आहे आणि वेगळाच विचारायचा.

इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. पॉझिटिव्हिस्ट म्हणजे 'कायदा आहे ना, मग मुकाट्याने पाळा' म्हणणारा माणूस, असं समजलं जातं. कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकणारी मुलंसुद्धा परीक्षेत असंच लिहितात. पण या विचाराचा एक आद्य पुरुष, इंग्लंडचा जेरेमी बेंथम, आपल्या देशाच्या कायद्यांवर आयुष्यभर तुटून पडला. चांगल्या नागरिकाने काय करावं, याचं त्याने १७७६ मध्ये दिलेलं उत्तर असं होतं: काटेकोरपणे पाळा आणि मोकळेपणाने टीका करा. त्याला धास्ती होती ती दोन माणसांची. एक म्हणतो, 'मला हे पटत नाही, म्हणून हा कायदाच नाही.' दुसरा म्हणतो, 'हा कायदा आहे, म्हणजे तो योग्यच असणार.' मला स्वतःला दुसऱ्या माणसाची भीती जास्त वाटते, कारण तो बहुधा खुर्चीवर बसलेला असतो. दोघांचीही चूक एकच आहे: कायदा काय आहे आणि कायदा काय असायला हवा, या दोन गोष्टींची त्यांनी सरमिसळ केलेली असते. बेंथमचा शिष्य जॉन ऑस्टिन याने १८३२ मध्ये हा फरक स्वच्छ शब्दांत मांडला: कायदा असणं ही एक गोष्ट, तो बरा की वाईट ही दुसरी.

हे पुस्तकी वाटत असेल तर सातबारा घ्या. वडील वारले. वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे गेला, फेरफार धरला, संबंधितांना नोटिसा निघाल्या, मुदतीत हरकत आली नाही, मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली आणि उताऱ्यावर नवी नावं चढली. त्या एका सहीत एवढं बळ आलं कुठून? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधून. संहितेला बळ कुणाचं? राज्य विधिमंडळाने ती मंजूर केली. विधिमंडळाला हा अधिकार कुणी दिला? जमीन हा विषय राज्यघटनेने राज्यसूचीत टाकलाय. आणि घटनेला? ऑस्ट्रियाचा हान्स केल्सन हा विचारवंत, ज्याचा १९२०च्या ऑस्ट्रियन राज्यघटनेच्या घडणीत मोठा वाटा होता, तो म्हणाला की अशी चढण चढत गेलात की शेवटी एका पायाभूत नियमापाशी पोचता. त्याच्या वर आणखी नियम नसतो. तो गृहीतच धरावा लागतो, नाहीतर खालचं काहीच उभं राहत नाही. या सगळ्या चढणीत एकाही पायरीवर असं कुणी विचारलं नाही की म्हातारपणी वडिलांचं केलं कुणी आणि नुसतं नाव लावून घ्यायला आलं कोण. नोंद वैध आहे की नाही, हे त्यावर अवलंबून नसतं.

हीच रीत लावली की आपल्या इतिहासातली एक बोचणारी गोष्टही समजते. राजद्रोहाचं कलम १२४-अ इंग्रजांनी १८७० मध्ये दंडसंहितेत घातलं. त्याखाली टिळकांना शिक्षा झाली, गांधीजींना झाली. आणि स्वातंत्र्यानंतरही ते कलम राहिलंच, कारण घटनेच्या अनुच्छेद ३७२ने जुने कायदे रद्द होईपर्यंत चालू ठेवले. शब्द तेच राहिले, त्यांचा उगम बदलला: आधी राणीच्या सत्तेतून आलेलं बळ आता आपल्या घटनेतून येऊ लागलं. जुनी दंडसंहिता १ जुलै २०२४ला जाऊन भारतीय न्याय संहिता आली तोवर ते पुस्तकात होतं. वाईट कायदा हा कायदाच नव्हे, असं म्हणून त्यातून सुटका झाली नसती. त्याखाली माणसं खरोखरच तुरुंगात जात होती.

गांधीजींनी १९२२च्या अहमदाबादच्या खटल्यात जे केलं ते मला या संदर्भात फार महत्त्वाचं वाटतं. 'हा कायदाच नाही' असा बचाव त्यांनी केला नाही. गुन्हा कबूल केला आणि जास्तीत जास्त शिक्षा मागितली. कायद्याच्या लेखी जो जाणूनबुजून केलेला गुन्हा आहे, तेच मला नागरिकाचं सर्वोच्च कर्तव्य वाटतं, अशा आशयाचं ते बोलले. एका वाक्यात दोन वेगळी मापं आली: कायद्याचं आणि सदसद्विवेकाचं. त्यांची सरमिसळ केली नाही म्हणून कायद्याचा अन्याय जगापुढे उघडा पडला.

नैसर्गिक कायदा नाकारण्याचं खरं कारण माझ्या मते आपल्या मातीत जास्त स्पष्ट दिसतं. निसर्ग काय सांगतो, हे सांगणार कोण? 'मुलगी परक्याचं धन' हे शतकानुशतकं निसर्गनियमासारखंच सांगितलं गेलं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखा जन्माने हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये काही मर्यादांसह आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. हा हक्क निसर्गात सापडलेला नाही, सभागृहात हात वर करून मंजूर केलेला आहे. तरी आजही दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर बाकावर बसलेली बहीण दिसते. सोबत दोन भाऊ, हातात आधार कार्ड, वकिलाने तयार केलेलं हक्कसोडपत्र. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते, अंगठा देते, फोटो काढून घेते आणि साडीचोळी घेऊन परत जाते. कायदा तिच्या बाजूचा आहे, जनरीत नाही, आणि 'असंच असतं बाई' म्हणणारे रीतीला निसर्गाचं नाव देतात.

जातीचं तर याहून भीषण. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं, म्हणून तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. ज्या मुलाला पाणी वरून ओतून दिलं जायचं, त्याच्याशी असं वागण्यामागे कुठल्या विधिमंडळाचा ठराव नव्हता. जन्मानेच माणूस उच्च-नीच असतो, ही ईश्वरी व्यवस्था आहे, एवढ्या समजुतीवर सगळं चालत होतं. नैसर्गिक कायद्याचे पुरस्कर्ते म्हणतील की तो खोटा निसर्ग, खऱ्या निसर्गात सगळे समान. मलाही तसंच वाटतं. पण दोन माणसं परस्परविरोधी गोष्टी निसर्गाच्या नावावर खपवू लागली की निवाडा कशाने करायचा? बाबासाहेबांनी घटनेत अनुच्छेद १७ आणला, अस्पृश्यता नष्ट केल्याचं लिहून टाकलं आणि ती पाळणं हा गुन्हा ठरवला. तेव्हा कुठे निवाड्याला जागा मिळाली.

इथे रामशास्त्री प्रभुणे आठवतात, साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीचे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रामशास्त्र्यांनी राघोबादादांच्या तोंडावर सांगितलं की याला देहांत प्रायश्चित्तच. नैसर्गिक कायद्याचा विजय म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. रामशास्त्री स्वतःच्या मनाचा कौल सांगत नव्हते; त्या काळी न्यायनिवाड्यात जे धर्मशास्त्र मानलं जाई, त्यातला नियम सांगत होते. तो नियम पेशव्यालाही लागू होता, हे त्याचं मोठेपण. आणि ज्या शास्त्राने खुनी सत्ताधीशाला सोडलं नाही, त्याच शास्त्रात एकाच गुन्ह्याला जातीजातीनुसार वेगळी शिक्षाही होती. उगम एक, त्यातून आलेला एक नियम थोर आणि दुसरा घृणास्पद. कायदा असणं आणि चांगला असणं वेगळं का मोजायचं, ते यावरून कळावं.

ऑस्टिनचा सिद्धांत मात्र रामशास्त्र्यांपुढे अडखळतो. त्याच्या मते कायदा म्हणजे सार्वभौमाचा हुकूम, पाठीशी शिक्षेची धमकी, आणि लोकांना तो पाळायची सवय. असं असेल तर सार्वभौम स्वतः कायद्याने बांधला जाणार कसा? ऑक्सफर्डच्या एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ मध्ये हा सिद्धांत आतून दुरुस्त केला. समजा, खंबाटकी घाटात रात्री कुणी गाडी अडवून पिस्तूल रोखलं आणि पैसे मागितले. तुम्ही द्याल. हुकूम आहे, धमकी आहे, तुम्ही तो पाळलाही. पण पैसे देणं तुमचं कर्तव्य होतं, असं कुणी म्हणेल का? टोलनाक्यावर पैसे देताना तुम्ही कुरकुर कराल, तरी तिथे एक नियम आहे हे मान्य कराल. नुसत्या धाकात आणि नियमात हा फरक आहे. नियम लोक आतून मानतात, त्यावरून स्वतःला आणि दुसऱ्याला जबाबदार धरतात. आणि कायद्याच्या व्यवस्थेत सगळ्यांत वर असतो तो मान्यतेचा नियम: कोणत्या गोष्टीला कायदा म्हणायचं याची ही कसोटी, जी न्यायाधीशांपासून तलाठ्यापर्यंत सगळे रोजच्या कामातून मान्य करत असतात.

ही कसोटी हातात आली की प्रतिसरकारचा प्रश्न भावनेच्या पलीकडे जाऊन सोडवता येतो. इंग्रज व्यवस्था १९४३ मध्ये कोसळली नव्हती. तिचे मामलेदार, फौजदार, न्यायाधीश एकच कसोटी मानून काम करत होते. पण कित्येक गावांत लोक तक्रार घेऊन न्यायदान मंडळापुढे जात, निकाल मानत, न मानणाऱ्याला शेजारीच जाब विचारत. तिथे दुसरी मान्यता रुजत होती. म्हणजे एकाच जमिनीवर दोन व्यवस्था एकमेकींत घुसल्या होत्या आणि कुठली कुठे चालत होती, हा गावागणिक तपासायचा इतिहासाचा प्रश्न आहे. न्यायाच्या तराजूत मी प्रतिसरकारच्या बाजूला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण वेगळं मोजायचं ठरवलं की ते आपल्या माणसांनाही लागू होतं. तळपायांवर काठ्या मारण्याची शिक्षा आपल्या बाजूच्यांनी दिली, एवढ्याने ती योग्य ठरत नाही. तीही न्यायाच्या मापाने वेगळी पारखायला हवी.

पॉझिटिव्हिझमवरचा सगळ्यांत गंभीर आरोप जर्मनीतून आला. गुस्ताव राडब्रुख हे हिटलरपूर्व काळातले कायदामंत्री. नाझींनी त्यांना प्राध्यापकपदावरून काढलं. १९४६ मध्ये त्यांनी लिहिलं की 'कायदा तो कायदा' या शिकवणीने जर्मन वकील आणि न्यायाधीश दुष्ट कायद्यांपुढे निःशस्त्र झाले; अन्याय असह्य टोकाला गेला तर अशा कायद्याला न्यायापुढे माघार घ्यावीच लागेल. त्यांचं दुःख खरं होतं आणि हा आरोप झटकून टाकता येत नाही. पण त्याला दुसरी बाजू आहे. नाझींनी १९३५ मध्ये दंडसंहिता अशी बदलली की कायद्यात थेट तरतूद नसली, तरी 'निरोगी लोकभावनेला' धरून शिक्षा देता यावी. तिथले न्यायाधीश फक्त कायद्याच्या अक्षराला चिकटल्याने घसरले असं नाही. राज्यकर्त्यांची नीती कायद्यात घुसवूनही ते घसरले. युद्धानंतर एक खटला गाजला: १९४४ मध्ये एका बाईने, हिटलरविरुद्ध बोलला म्हणून आपल्या नवऱ्याची चुगली केली, त्याला मृत्युदंड ठोठावला गेला, पुढे त्याला आघाडीवर पाठवलं. १९४९ मध्ये कोर्टाने तिला दोषी धरलं. यावरून हार्ट आणि अमेरिकेचे लॉन फुलर यांच्यात १९५८ मध्ये मोठा वाद झडला. हार्ट यांचं म्हणणं, शिक्षा करायचीच तर मागच्या तारखेपासून लागू होणारा कायदा उघडपणे करा आणि त्याची किंमत मान्य करा. 'तेव्हाचा कायदा हा कायदाच नव्हता' म्हणून ती झाकू नका. फुलर म्हणाले, गुप्त हुकूम आणि मनमानी निकाल यांवर चालणाऱ्या व्यवस्थेला मुळात कायदा म्हणायचंच कशाला? फुलर यांचा हा मुद्दा मला वजनदार वाटतो.

आपल्याकडची परीक्षा २८ एप्रिल १९७६ला झाली. आणीबाणीत अटक झालेला माणूस सुटकेसाठी कोर्टात येऊ शकतो का? एडीएम जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायाधीशांनी नाही म्हटलं: जीविताचा हक्क अनुच्छेद २१मध्ये आहे, त्याची दाद मागणं स्थगित झालंय, त्याबाहेर हक्क नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना वेगळे उभे राहिले. अनुच्छेद २१ नसता, तरी कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेण्याचा अधिकार सरकारला नाही, असं त्यांनी लिहिलं. पुढे त्यांना डावलून कनिष्ठ न्यायाधीशांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमताचा निकाल म्हणजे पॉझिटिव्हिझमचं पाप, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. खन्नांनी आकाशातला कायदा आणला नव्हता. अटकेमागे वैध कायदा दाखवा, असंच ते सरकारला म्हणत होते. खासगीपणाच्या हक्कावरच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालात मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९७६चा तो निकाल पुसताना हे हक्क माणसाच्या माणूसपणातून येतात, राज्याची मेहेरबानी नाहीत, असं स्पष्ट म्हटलं. तिथे नैसर्गिक कायद्याचा आवाज नक्कीच आहे. कसलेला पॉझिटिव्हिस्ट एवढंच म्हणेल की तो आवाज कोर्टात चालला, कारण आपल्या घटनेने प्रतिष्ठा आणि समता या शब्दांना आत जागा दिली आहे.

अमेरिकन विचारवंत रोनाल्ड ड्वॉर्किन यांना हे उत्तर पुरेसं वाटत नसे. ते न्यूयॉर्कचा १८८९चा एक निकाल दाखवत: नातवाने मृत्युपत्राच्या लोभाने आजोबांवर विषप्रयोग केला. मृत्युपत्र वैध होतं, खुनी वारसाला रोखणारं कलम नव्हतं, तरी कोर्टाने 'स्वतःच्या गुन्ह्यातून कुणी लाभ घेऊ नये' या तत्त्वावर त्याला वारसा नाकारला. मग कायदा नुसत्या लिखित नियमांपुरता कसा? प्रश्न बिनतोड आहे. आपल्या हिंदू वारसा कायद्यात, १९५६ मध्ये, कलम २५ आलं: खून करणारा त्या माणसाचा वारस होऊ शकत नाही. जे तत्त्व तिथे न्यायाधीशांना शोधावं लागलं, ते इथे कलम म्हणून लिहिलेलं आहे, आणि वारसनोंदीच्या वेळी ते दाखवायला कुठल्या तत्त्वज्ञाची गरज लागत नाही.

लिहून ठेवण्याची ही किंमत साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर पक्की ओळखून होते. अंगात आल्याचं सोंग करून लुबाडणं, भूत उतरवण्यासाठी मारहाण करणं, करणीच्या नावाने बायकांना छळणं वाईट आहे, हे त्यांना कळत होतं, गावोगावच्या सुज्ञ माणसांनाही कळत होतं. तेवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. मसुदा, आक्षेप, पुन्हा मसुदा, प्रत्येक अधिवेशनात पुन्हा तीच मागणी, असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला: सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड. या प्रथा त्याच्या आदल्या दिवशीही तितक्याच अमानुष होत्या. फरक एवढाच की आता फिर्याद लिहून घेताना ठाण्यातल्या हवालदाराला कलम दाखवता येत होतं.

जातपंचायतींनी कुटुंबं वाळीत टाकण्याविरुद्धही दाभोलकरांचीच अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ लढली आणि २०१६ मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. पंचायतीलाही आपला निवाडा हा कायदाच वाटत असतो, तिच्यापुरता तो चालतही असतो. आता मात्र असा बहिष्कार घालणाऱ्या पंचाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही.